दादासाहेब फाळक्यांचे हरवलेले पत्ते

दादासाहेब फाळके हे नाव आपण वर्षातून एकदा तरी ऐकतोच. कुणा ज्येष्ठ कलावंताला फाळके पुरस्कार जाहीर होतो, मेसमध्ये कुणीतरी बातमी वाचून दाखवतो आणि सगळे पुन्हा पोळी-भाजीकडे वळतात. यंदा मासिकाच्या मराठी विभागासाठी लिहायचं ठरलं म्हणून मी त्यांची माहिती जमवायला लागलो. तेव्हा एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. हा माणूस आयुष्यभर दुकानं, छापखाने, स्टुडिओ थाटत फिरला. त्यांचे पत्ते एका कागदावर लिहून काढले तर मोठी यादी होते, पण त्यातली बहुतेक ठिकाणं आज नावापुरतीच उरली आहेत. म्हणून मित्रांनो, हे चरित्र मी पत्त्यांच्या क्रमानेच सांगणार आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. धुंडिराज १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, फोटोग्राफी असं जे मिळेल ते शिकले. आपल्याकडे एका ब्रँचचा विद्यार्थी दुसऱ्या ब्रँचच्या लॅबमध्ये पाऊल टाकत नाही. हे गृहस्थ मात्र सगळ्याच लॅब पालथ्या घालत होते!

पहिला पत्ता गोध्र्याचा. तिथे त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. पण कॅमेऱ्यासमोर बसलं की माणसाची शक्ती जाते, आयुष्य कमी होतं, अशी त्या काळात लोकांची समजूत होती. त्यामुळे गिऱ्हाईक जेमतेमच. त्यातच १९०० च्या प्लेगात पत्नी आणि मूल दोघंही गेली. स्टुडिओ बंद झाला.

पुढे १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. सरस्वतीबाई घरात आल्या, आणि पुढच्या कथेत त्यांचा वाटा अर्धा आहे हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली, पण स्वदेशीचे वारे वाहू लागले तशी फाळक्यांनी ती सोडली. लोणावळ्यात छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम तिथे होत असे. नंतर मुंबईत भागीदारीत 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' उभं राहिलं. रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं यांसाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले. परत आल्यावर भागीदारांशी बिनसलं आणि हा माणूस हातात काही न घेता बाहेर पडला. वय चाळीस, घरी बायको-मुलं, आणि उत्पन्न शून्य.

तिसरा पत्ता गिरगावचा, 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'. १९१०-११ च्या सुमारास तिथे त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू दिसत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. मग सुरू झालं वेड. रोज तासन् तास चित्रपट बघायचे, रात्री घरी प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. ती येताच विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेलं. तिथलं काम बघून, विल्यम्सन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन, दोन महिन्यांत स्वारी परत.

आता पैसा हवा होता, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर पैसा कोण लावणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडी थोडी फिल्म फिरवून बीज फुटण्यापासून वेल होण्यापर्यंतची वाढ टिपली. पडद्यावर काही क्षणांत वेल तरारून वर आला. याला आज आपण टाइम-लॅप्स म्हणतो. त्यावर भांडवलदार तयार झाला. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

मग दादर. तिथल्या मेन रोडवरच्या बंगल्यात बिऱ्हाड, स्टुडिओ आणि प्रयोगशाळा सगळं एकत्र. कच्ची फिल्म कडेची भोकं न पाडलेली यायची. ती भोकं सरस्वतीबाई रात्री अंधारात, यंत्राने पाडत. मी सहज हिशोब केला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. म्हणजे एका प्रतीलाच पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं! एक जरी तिरकं पडलं तरी चित्र पडद्यावर उड्या मारणार. शिवाय दिवसभर कलाकार आणि कामगार मिळून मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाकही त्यांच्याच अंगावर होता.

तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. अगदी कोठ्यांवर विचारणा करूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे साळुंके सापडले. त्यांना दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा कबूल केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. काम सहा महिने सत्तावीस दिवस चाललं. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावात सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन थिएटरात तो सर्वांसाठी लागला.

हे कॉरोनेशन शोधायला मी दिवाळीच्या सुट्टीत गिरगावात हिंडलो. सँडहर्स्ट रोडचा आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला आहे. तीन दुकानांत विचारलं. एकाने मोबाइलचं दुकान दाखवलं, दुसऱ्याने मंगल कार्यालय सुचवलं. तिसऱ्या काकांना कॉरोनेशन माहीत नव्हतं, पण मॅजेस्टिक म्हणताच ते खुलले. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' तिथेच लागला, म्हणजे बोलपट तिथे जन्मला आणि फाळक्यांच्या मूकपटांचे दिवस भरले. १९७२ मध्ये मॅजेस्टिक पाडलं. काकांनी तिथे कुठले सिनेमे बघितले, शाळा बुडवून कितीदा गेले, मध्यंतरात काय खाल्लं, सगळं सांगितलं. माणसाची आठवण साधारण आजोबांपर्यंत पोचते. त्यापलीकडचं, कुणी लिहून ठेवलं असेल तरच राहतं.

पुण्याच्या मुलांना तर एक पत्ता रोजचा आहे. मंडईत गाडी लावायला आपण आर्यनला जातो. हे आर्यन म्हणजे १९१५ मध्ये सुरू झालेलं पुण्याचं जुनं थिएटर. १९८३ मध्ये ते बंद पडलं आणि आता नाव तेवढं वाहनतळाला उरलं. फाळक्यांचा 'लंकादहन' (१९१७) तिथे लागला तेव्हा गर्दीने दार मोडायची पाळी आली होती. त्यात राम आणि सीता दोघांचंही काम एकाच साळुंक्यांनी केलं होतं.

एव्हाना फाळक्यांनी मुक्काम नाशिकला हलवला होता. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामं केली आणि बायका पडद्यावर आल्या. १९१८ मध्ये 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली. 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' यांत त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पण भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. फाळके काशीला निघून गेले, तिथे 'रंगभूमि' हे नाटक लिहिलं, मग परतले. बोलपट आल्यावर मात्र त्यांचा जम बसला नाही. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा सिनेमाच्या धंद्यात पैशांचा पूर होता आणि या माणसाजवळ फारसं काही नव्हतं.

इमारती पडल्या हे एक वेळ समजू शकतं, जागेला भाव असतो. पण चित्रपट? तेही गेले. जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या कापसाची सख्खी बहीण. उकाड्यात नीट ठेवली नाही तर कुजते, चिकट होते, पेटते. वर त्यात चांदी असते, म्हणून किती तरी रिळं भंगारात विकली गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून जे हाती लागलं ते जमा केलं. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं आज आहेत, आणि ती १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या प्रतीची यावर अभ्यासकांत वाद आहे. मधली कथा गेलीच. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि मोठा ठेवा जळाला. साठवणीचं तापमान, हवेतली आर्द्रता, वायुवीजन हे सगळे आपल्याच अभ्यासक्रमातले विषय आहेत, हे वाचताना सारखं जाणवत होतं.

आपल्या गेटबाहेरची गल्लीही बदलतेच आहे. एसटीडी बूथ गेला, सीडीचं दुकान गेलं, परवा झेरॉक्सवाल्यानेही जागा सोडायची भाषा केली. म्हणून आमच्या विंगमधल्या चौघांनी ठरवलंय, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेरेसवरच्या एकाच कोपऱ्यातून गल्लीचा एक फोटो काढायचा, खाली तारीख आणि दुकानांची नावं लिहायची. वही रीडिंग रूममध्ये ठेवली आहे. आम्ही पास होऊन गेल्यावर ती पुढे चालवायला ज्युनियर हवे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी नाव नोंदवा.