गॅस्टन प्लांटे : उतरलेली बॅटरी भरणारे शास्त्रज्ञ
(इयत्ता ७ वी)



गेल्या उन्हाळ्यात आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरली. अण्णांनी ती मोटारसायकलवर घालून मांजरसुंब्याच्या चौकात चार्जिंगला नेली. मीपण मागे बसलो होतो. दुकानदाराने बुचं उघडली, तारा लावल्या आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. मेलेली बॅटरी एका रात्रीत जिवंत कशी होते याचं मला नवल वाटलं. मग गुरुजींनी गॅस्टन प्लांटे यांचं चरित्र सांगितलं, ते इथे लिहितो.

प्लांटे यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्स देशात ऑर्थेझ या गावी झाला. १८५४ साली ते पॅरिसला बेकरेल या शास्त्रज्ञांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ म्यूडों येथे त्यांना जमिनीत एका प्रचंड पक्ष्याचं हाड सापडलं. हा पक्षी माणसाएवढा उंच होता. गॅस्टन यांच्या नावावरून त्याचं नाव गॅस्टॉर्निस ठेवलं. पण त्यांना खरं वेड होतं विजेचं.

त्या काळच्या बॅटरीत वीज देता देता जस्त झिजून जायचं. चुलीतलं लाकूड जळालं की राख, तसंच ते. १८५९ साली प्लांटे यांनी शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, मधे जाडंभरडं कापड घातलं, वळकटीसारखे गुंडाळले आणि पाणी मिसळलेल्या गंधकाच्या आम्लात बुडवले. बाहेरून वीज सोडली की ही वळकटी भरायची आणि मग साठवलेली वीज परत द्यायची. उतरली की पुन्हा भरा! मार्च १८६० मध्ये त्यांनी अशा ९ वळकट्यांची बॅटरी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली.

आता अडचण भरण्याची. हौद भरायचा तर पाणी हौदापेक्षा उंचावरून यावं लागतं, विजेचंही तसंच आहे. एक वळकटी सुमारे २ व्होल्टची. २० वळकट्या एकापुढे एक जोडल्या तर ४० व्होल्ट होतात. त्या भरायला त्याहून जास्त दाब आणायचा कुठून? प्लांटे यांनी काय केलं, भरताना सगळ्या वळकट्या शेजारी शेजारी जोडल्या. वेळ फार लागे, पण दोन साध्या बॅटऱ्यांचा दाब पुरायचा. भरून झाल्यावर खटका फिरवला की त्याच वळकट्या एकापुढे एक जोडल्या जायच्या, आणि मग जोराची वीज! सगळे शिशाचंच कौतुक करतात, मला मात्र हा खटका जास्त आवडला. पुढे त्यांनी ८०० वळकट्या जमवून आभाळातल्या विजेचा अभ्यास केला.

दुसरा त्रास असा, की नवं शिसं वीज फार थोडी धरतं. भरा, रिकामं करा, उलट्या बाजूने भरा, असं महिनोन्महिने करावं लागे. माळरान नांगरून नांगरून जमीन करावी तसं. आणि भरायची वीज यायची त्याच जस्ताच्या बॅटऱ्यांतून. म्हणजे हौद बांधून तयार, पण विहीरच नाही! १८७१ साली ग्राम यांनी पॅरिसात चाक फिरवून वीज देणारा डायनामो दाखवला, तेव्हा विहीर मिळाली. १८८१ च्या सुमारास फोर यांनी पत्र्यांना शेंदूर थापला आणि महिन्यांचं काम पुष्कळ कमी झालं. (शेंदूर शिशाचा असतो, विषारी आहे, तोंडात घालू नये.)

आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत ६ घरं आहेत, म्हणून ती १२ व्होल्टची. ती भरायला सुमारे १४ व्होल्ट लावावे लागतात. भरत आली की आतून बुडबुडे येतात. तो वायू पेट घेतो, म्हणून तिथे कुणी बिडी ओढू नये. दुसऱ्या दिवशी आमचा ट्रॅक्टर पहिल्याच दमात सुरू झाला.

प्लांटे २१ मे १८८९ रोजी वारले, त्याच म्यूडोंमध्ये, जिथे त्यांना ते हाड सापडलं होतं.