ओटो विख्तर्ले

ओटो विख्तर्ले (२७ ऑक्टोबर, १९१३:प्रोस्तेयोव, मोराविया - १८ ऑगस्ट, १९९८) हे चेक रसायनशास्त्रज्ञ होते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

प्राग येथे शिक्षण घेतलेल्या विख्तर्ले यांनी, १९३९मध्ये नाझींनी चेक विद्यापीठे बंद केल्यावर, झ्लीन येथील बाटा कारखान्यात संशोधन केले. तेथे त्यांनी नायलॉनसारखा धागा तयार केला. १९४२मध्ये गेस्टापोने त्यांना अटक करून काही महिने तुरुंगात ठेवले होते.

== हायड्रोजेल ==
परकी वस्तू शरीरात बसवली की काही क्षणांतच तिच्यावर प्रथिनांचा थर जमतो व त्याला पेशी आणि जिवाणू चिकटतात. पाण्याला दूर लोटणाऱ्या प्लास्टिकवर हे विशेष घडते. विख्तर्ले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव्ह लीम यांनी पाणी धरून ठेवणारे पॉलिमर निवडले. हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेटच्या साखळ्या विरळ जोडल्यास सुमारे ३८ टक्के पाणी सामावणारा पारदर्शक, मऊ पदार्थ मिळतो. त्याचा पृष्ठभाग पाण्याने वेढलेला आणि विद्युतभाररहित असल्याने प्रथिनांना तेथे घट्ट पकड मिळत नाही. अर्थात हा बचाव पूर्ण नव्हे. अश्रूंतील प्रथिने या लेन्सवरही थोडीफार साचतात, म्हणून ती नियमित स्वच्छ करावी लागते. या जेलविषयीचा दोघांचा लेख १९६०मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला.

साच्यात ओतलेल्या लेन्सच्या कडा मात्र काढताना फाटत. सरकारी पाठबळही थांबले. १९६१च्या नाताळात विख्तर्ले यांनी घरीच, मुलांच्या 'मेर्कुर' या खेळण्यातील सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून, फिरत्या साच्यात लेन्स ओतण्याचे यंत्र जुळवले. कडा गुळगुळीत येऊ लागल्या. पुढील काही महिन्यांत पत्नी लिंडा यांच्या मदतीने त्यांनी अशा हजारो लेन्स बनवल्या.

== पेटंट आणि राजकारण ==
१९५८मध्ये राजकीय कारणांवरून त्यांना प्रागच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून काढण्यात आले होते. नंतर ते विज्ञान अकादमीच्या नव्या बृहद्रेणू रसायनशास्त्र संस्थेचे संचालक झाले. अकादमीने लेन्सची पेटंटे अमेरिकन कंपनीला दिली. बॉश अँड लाँबच्या लेन्सला १९७१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि मोठा उद्योग उभा राहिला. त्यातील फारच थोडा वाटा विख्तर्ले यांच्यापर्यंत पोहोचला. १९६८च्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर सही केल्यामुळे १९७०मध्ये त्यांचे संचालकपदही गेले.

साम्यवादी राजवट कोसळल्यावर १९९०मध्ये ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. '३८९९ विख्तर्ले' हा लघुग्रह त्यांच्या नावाने ओळखला जातो.