समोर ठेवलेले ‘सावकाश’

शिक्षकाने विद्यार्थ्यांना गुण द्यावेत, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे. विद्यार्थ्यांनी शिक्षकाला गुण द्यावेत, ही कल्पना मात्र आपल्याकडे अजूनही अनेकांच्या गळी उतरत नाही. महाविद्यालयांचे मूल्यमापन करणारी ‘नॅक’ ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली आणि हळूहळू विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे अर्ज भरून घेण्याची प्रथा रुळली. २०१७ मध्ये तर विद्यार्थ्यांचे समाधान अजमावणारी पाहणी त्या मूल्यमापनाचाच एक भाग करण्यात आली. मी तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. हे अर्ज वाटले जाताना, गोळा होताना आणि गठ्ठा बांधून कपाटात जाताना मी पाहिले आहेत. परीक्षा तोंडावर आलेली मुले पाच मिनिटांत सगळीकडे ‘उत्तम’वर खूण करून मोकळी होत. कालची पोरे आपल्याला काय शिकवणार, असे म्हणत काही सहकारी त्या गठ्ठ्याकडे पाहतही नसत.

अशा वेळी मला मायकेल फॅरेडे आठवतो. विजेचे जनित्र आणि रोहित्र ज्या तत्त्वावर चालते, ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन १८३१ मध्ये शोधणारा हा शास्त्रज्ञ शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असतो. पण तो आपल्या काळातला नामांकित व्याख्याता होता आणि ही कीर्ती त्याला जन्मजात देणगीने मिळाली नव्हती. ऐकणाऱ्याचे म्हणणे आयुष्यभर ऐकून त्याने ती कमावली होती. त्या कमाईची हकीकत फारशी सांगितली जात नाही.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहार, प्रकृतीने अधू. घरात चार भावंडे. लिहिणे, वाचणे आणि थोडेफार हिशेब, एवढ्यावरच शाळा संपली. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी सात वर्षांच्या कराराने बुकबाइंडिंगचे काम शिकू लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी सोप्या संवादांतून लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक यांनी त्याला वेड लावले.

१८१० साली टेटम नावाच्या गृहस्थांच्या घरी विज्ञानावर व्याख्याने सुरू असल्याचे त्याला कळले. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग. थोरला भाऊ रॉबर्टही लोहारच; त्याने आपल्या मिळकतीतून हे शिलिंग दिले. ज्या मुलाच्या शिक्षणासाठी भाऊ घाम गाळतो, त्याला व्याख्यान कंटाळवाणे झाले तर ते परवडत नाही. फॅरेडे इतका जागरूक श्रोता का झाला, याचे एक कारण मला या शिलिंगात दिसते. टेटमकडेच त्याला ॲबट आणि मॅग्राथ हे जन्माचे मित्र भेटले. ही नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत, ती पुढे पुन्हा येणार आहेत.

१८१२ मध्ये रिबोच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे लोकप्रिय रसायनशास्त्रज्ञ. फॅरेडेने टिपणे काढली, घरी ती विस्ताराने लिहून आकृत्या जोडल्या, आपल्याच हाताने सुबक बांधणी केली आणि ते पुस्तक डेव्हींकडे पाठवून दिले. आपले बोलणे समोरच्याच्या डोक्यात किती पोहोचले, याचा याहून चोख पुरावा कोणत्या शिक्षकाला मिळाला असेल? डेव्हींनी आधी त्याला बुकबाइंडिंगच बरे, असा सल्ला दिला. पण जागा रिकामी होताच मार्च १८१३ मध्ये आठवड्याला पंचवीस शिलिंग पगारावर त्याला मदतनीस म्हणून घेतले. राहायला त्याच इमारतीच्या माळ्यावर दोन खोल्या मिळाल्या.

मदतनिसाचे काम म्हणजे व्याख्यानाच्या वेळी उपकरणे मांडणे आणि उचलणे. फॅरेडेने त्या उभे राहण्याचा विलक्षण उपयोग केला. बोलणारा आणि ऐकणारे, दोघांचेही चेहरे त्याला दिसत. तीनच महिन्यांनी, जून १८१३ मध्ये, या एकवीस वर्षांच्या पोराने ॲबटला एकामागून एक पत्रे लिहिली आणि त्यांत व्याख्यान या प्रकाराची कसून चिकित्सा केली. आपल्याला स्वतःला व्याख्यान देता येत नाही, मग दुसऱ्याचे दोष काढण्याचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न त्याने प्रथमच स्वतःला विचारला. त्याचे उत्तर असे होते : येत नाही म्हणूनच शिकायचे आहे, आणि शिकायचे तर दुसऱ्यांकडे पाहूनच.

या पत्रांत तो सुरुवात करतो ती खोलीपासून. हवा खेळती आहे का, आत-बाहेर जाण्याचा मार्ग सोयीचा आहे का, मागच्या माणसाला दिसते का. मग वक्त्याकडे वळतो. बोलणे घाईचे नसावे, आवाज स्पष्ट असावा, वागण्यात सहजपणा असावा. एका तासापेक्षा अधिक कोणी ऐकू शकत नाही. प्रयोग लांबलचक नसावेत, पटकन समजणारे असावेत. टाळ्यांसाठी आर्जव करणारा वक्ता स्वतःला खाली आणतो, असेही त्याने बजावले. वाचताना माझ्या मनात येते की आपल्या अभिप्रायाच्या अर्जांत पंखा चालतो का आणि मागच्या बाकावर फळा दिसतो का, हे प्रश्न शेवटी कुठेतरी असतात. फॅरेडेने ते सर्वांत आधी घेतले. वर्गात जीव गुदमरत असेल तर उत्तम शिक्षकही हरतो.

पुढे फॅरेडे स्वतः व्याख्याता झाले. आता त्यांना ‘तो’ म्हणणे मला जड जाते. जानेवारी १८१६ मध्ये त्यांनी टेटमच्याच मंडळात पहिले व्याख्यान दिले. आपले दोष ठाऊक असल्याने १८१८ मध्ये ते स्मार्ट नावाच्या वक्तृत्वशिक्षकाकडे शिकायला गेले. १८२५ मध्ये ते प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात त्यांचा आवाज घुमू लागला. दर शुक्रवारी संध्याकाळी होणारी व्याख्याने आणि नाताळात मुलांसाठी होणारी व्याख्यानमाला त्याच सुमारास सुरू झाली. मुलांसाठी त्यांनी एकोणीस मालिका दिल्या.

कीर्ती झाली की माणसाचे कान बंद होतात. फॅरेडेंनी मात्र ते उघडे ठेवण्याची सोयच करून ठेवली होती. टेटमच्या दिवसांतला मित्र मॅग्राथ सकाळच्या व्याख्यानांना येऊन बसे. त्याचे काम एकच : उच्चार कुठे चुकला, बोलण्यात कुठे दोष राहिला, याची यादी करायची. ती यादी फॅरेडे आभार मानून घेत. त्यातली प्रत्येक सूचना ते अमलात आणत नसत, पण मोकळेपणाने लिहीत राहा, असे मॅग्राथला सांगत. सुरुवातीच्या काळात त्यांच्यासमोर ‘सावकाश’ असे ठळक लिहिलेले एक कार्ड असे. बोलण्याच्या भरात त्याकडे दुर्लक्ष होऊन वेग वाढला, तर ते कार्ड पुढे आणून ठेवावे, असा त्यांचा अँडरसन या मदतनिसाला हुकूम होता. तास संपत आला की ‘वेळ’ असे लिहिलेले दुसरे कार्ड येई. एके काळी आपणही मदतनीसच होतो आणि तिथूनच सगळ्यांत चांगले दिसते, हे ते विसरले नसावेत.

१८२७ मध्ये लंडनच्या नव्या विद्यापीठाने देऊ केलेले प्राध्यापकपद त्यांनी नाकारले; पण १८३० पासून १८५१ पर्यंत वूलिचच्या लष्करी विद्यालयात त्यांनी तरुण छात्रांना रसायनशास्त्र शिकवले. १८५४ मध्ये मनाच्या शिक्षणावर व्याख्यान देताना त्यांनी सारा भर एका गोष्टीवर दिला : माणसाला आपलाच निर्णय खरा वाटतो, म्हणून त्यावर संशय घ्यायची सवय त्याने स्वतःला लावली पाहिजे. १८६२ मध्ये इंग्लंडमधील शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे साक्ष देतानाही, मुलांना विज्ञान समजते याचा दाखला त्यांनी दिला तो मुलांच्याच प्रश्नांचा. व्याख्यान संपल्यावर मुले जवळ येऊन जे विचारत, त्यावरून त्यांची समज कळे. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी त्यांचे निधन झाले. सरदारकी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, दोन्ही मान त्यांनी नाकारले होते.

मॅग्राथ विद्यार्थी नव्हता, मित्र होता. तेव्हा हा दाखला आपल्या महाविद्यालयांना कसा लागू पडेल, असे कोणी विचारील. मला वाटते, तो नेमका लागू पडतो. फॅरेडेंचा अभिप्राय व्याख्यान चालू असतानाच मिळे, त्यामुळे पुढच्या व्याख्यानाला त्याचा उपयोग होई. आपला अर्ज वर्ष संपल्यावर येतो. ज्या मुलांनी तो भरला, त्यांना त्याचा काडीचा लाभ नाही. फॅरेडेंना कुठे चुकले ते कळे. आपल्याला पाचपैकी चार गुण कळतात, एक का गेला ते कळत नाही. शिवाय ते आपली बुद्धी गहाण ठेवत नसत. सूचना साऱ्या ऐकायच्या, पटतील त्या घ्यायच्या. मुलांना सोपे हवे म्हणून अवघड धडा गाळणारा शिक्षक आणि मुलांचे ऐकूनच न घेणारा शिक्षक, दोघांनीही हे ध्यानात घ्यावे.

यासाठी सरकारी परिपत्रक लागत नाही की छापील अर्ज लागत नाही. सत्र सुरू होऊन तीन आठवडे झाले की मुलांना कोरा कागद द्यावा, नाव लिहू नका म्हणून सांगावे, आणि काय समजले नाही एवढेच विचारावे. एखाद्या स्नेही सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवावे. पुढच्या तासाला त्यातल्या दोन गोष्टी बदलाव्यात आणि त्या कोणाच्या सांगण्यावरून बदलल्या, हे वर्गात मोकळेपणाने सांगावे. आपले म्हणणे कोणीतरी वाचते, हे एकदा मुलांना कळले की ती सगळीकडे ‘उत्तम’वर खूण करणार नाहीत. आपली मुलेबाळे महाविद्यालयात शिकत असतील, तर आज जेवताना त्यांना विचारून पाहा : तुमच्या सरांना, बाईंना तुम्ही शेवटचे कधी खरे सांगितलेत?