वाईन विकून श्रीमंत झालेला हा माणूस लंडनच्या गाडीवानांना बक्षिसं का वाटायचा?

घोड्यांची स्पर्धा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रेसकोर्स, मोठमोठ्या टोप्या घातलेल्या बायका, कोट्यवधींचे घोडे आणि त्यांचे अब्जाधीश मालक. थोडक्यात, आपल्यासारख्यांनी लांबून बघायचा खेळ.

पण सुमारे १४० वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक वेगळीच स्पर्धा सुरू झाली. कोळसा, बिअरची पिंपं, पिठाची पोती वाहणारे घोडे आणि त्यांना हाकणारे गाडीवान तिच्यात उतरायचे. घोडा स्वतःच्या मालकीचा असण्याची गरज नव्हती. तो तुम्ही नीट सांभाळला आहे का, एवढंच तपासलं जायचं.

या स्पर्धेमागचा माणूस म्हणजे सर वॉल्टर गिल्बी. गिल्बीज हे नाव जिनच्या बाटलीवर वाचलं असेल, तर ते यांचंच. त्यांची गोष्ट सुरू होते एका घोडागाडीवर.

रेल्वे आली आणि वडिलांचा धंदा गेला

२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधल्या बिशप्स स्टॉर्टफर्ड गावात वॉल्टर गिल्बी यांचा जन्म झाला. वडील हेन्री यांच्या घोडागाड्या होत्या. गाव ते लंडन अशी रोजची प्रवासी सेवा ते चालवायचे आणि स्वतःही गाडी हाकायचे. आजच्या भाषेत ट्रॅव्हल्सचा धंदा.

१८४२ मध्ये गावात रेल्वे आली. जिथे जिथे रुळ पोहोचले तिथे तिथे घोडागाड्यांचा धंदा बसला, तसा इथेही बसला. त्याच सुमारास वडीलही वारले. वॉल्टर तेव्हा अकरा वर्षांचे होते. पुढे त्यांनी एका नातेवाइकाच्या इस्टेट एजन्सीच्या ऑफिसात काम केलं आणि मग लंडनमध्ये कारकुनी केली.

क्रिमियन युद्ध सुरू झालं तेव्हा वॉल्टर आणि धाकटा भाऊ आल्फ्रेड दोघंही स्वयंसेवक म्हणून गेले. डार्डानेल्सच्या काठावर जखमी सैनिकांसाठी उभारलेल्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी नोकरी केली. १८५७ मध्ये लंडनला परतले तेव्हा हातात काम नव्हतं.

तळघरातलं दुकान

मोठा भाऊ हेन्री वाईनचा घाऊक व्यापारी होता. त्याच्या सल्ल्याने आणि आधाराने दोघा भावांनी १८५७ मध्येच ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ एका तळघरात दुकान टाकलं.

त्या काळी फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालच्या वाईनवर जबर कर होता. म्हणजे वाईन हे श्रीमंतांचं पेय. गिल्बी बंधूंनी दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीची वाईन आणली. वसाहतीच्या मालावर कर कमी, त्यामुळे किंमतही कमी. मध्यमवर्गाला पहिल्यांदाच परवडेल अशी वाईन मिळाली आणि तीन वर्षांत त्यांचे २०,००० ग्राहक झाले.

पुढे फ्रेंच वाईनवरचा कर घटला आणि किरकोळ दुकानदारांना बाटलीबंद दारू विकायचा परवाना मिळू लागला. गिल्बींनी गावोगावच्या किराणा दुकानदारांना एजंट नेमलं. १८७५ मध्ये फ्रान्समधला शातो लुदेन हा द्राक्षमळाच विकत घेतला. लंडनमधलं राउंडहाउस माहीत आहे? पुढे जिथे पिंक फ्लॉइड आणि जिमी हेंड्रिक्स वाजवून गेले, ती इमारत तेव्हा अनेक दशकं गिल्बींचं दारूचं गोदाम होती.

महाग वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात आणायची आणि तिचं जाळं गावोगाव पसरवायचं, हे सूत्र या धंद्यात जमलं. घोड्यांच्या बाबतीतही गिल्बींनी पुढे जवळपास हेच केलं.

मालवाहू घोड्याची वंशावळ कोण ठेवतो?

पैसा आल्यावर गिल्बी एसेक्समधल्या एल्सनहॅम हॉलमध्ये राहू लागले. तिथे त्यांनी घोड्यांची पैदास सुरू केली, पण शर्यतीच्या घोड्यांची नाही. त्यांचं प्रेम होतं शायर या जातीवर.

शायर म्हणजे घोड्यांमधला पैलवान. खांद्यापर्यंतची उंची १७ हात किंवा त्याहून जास्त, म्हणजे साधारण पावणेसहा फूट. वजन एक टनाच्या घरात. पायांवर लांब केसांचे झुपके. हा नांगर ओढायचा, गाड्या ओढायचा, बंदरातला माल ओढायचा.

गंमत अशी की शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याची वंशावळ १८ व्या शतकाच्या अखेरीपासून छापली जात होती. पण अख्खा देश ज्याच्या खांद्यावर चालला होता त्या मालवाहू घोड्याची नीट नोंदच नव्हती. चांगला पैदाशीचा घोडा कोणता, त्याचा बाप कोण, हे शेतकऱ्याने ऐकीव माहितीवरच ठरवायचं. फसगत व्हायची, आणि वाईट शिंगरू झालं की नुकसान त्याच गरीब शेतकऱ्याचं.

१८७८ मध्ये यासाठी इंग्लिश कार्ट हॉर्स सोसायटी स्थापन झाली आणि १८८४ मध्ये तिचं नाव शायर हॉर्स सोसायटी झालं. संस्थेने स्टडबुक काढलं आणि १८८० पासून लंडनच्या इझलिंग्टनमधल्या अॅग्रिकल्चरल हॉलमध्ये दरवर्षी प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. गिल्बी या कामात पुढे होते आणि नंतर संस्थेचे अध्यक्षही झाले. हॅकनी हॉर्स सोसायटी आणि हंटर्स इम्प्रूव्हमेंट सोसायटी यांचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

सरकारनेही १८८७ मध्ये घोड्यांच्या पैदाशीसाठी रॉयल कमिशन नेमलं. त्यानंतर शर्यतींच्या बक्षिसांवर खर्च होणारा सरकारी पैसा चांगल्या पैदाशीच्या घोड्यांच्या मालकांकडे वळवला गेला. अट एकच, त्या घोड्याची सेवा शेतकऱ्यांच्या घोड्यांना कमी फीमध्ये मिळाली पाहिजे. थोडक्यात, चांगलं रक्त फक्त जमीनदारांच्या तबेल्यात अडकू नये.

आणि मग गाडीवानांची परेड

पण या सगळ्यात एक माणूस बाहेरच राहत होता. तो म्हणजे गाडीवान.

व्हिक्टोरियन लंडनमध्ये सुमारे ३ लाख घोडे असल्याचा अंदाज मांडला जातो. त्यातले बरेचसे ओझं वाहणारे. निसरडे रस्ते, जास्तीचा माल, चाबूक. १८७७ मध्ये आलेल्या ब्लॅक ब्यूटी या कादंबरीने घोड्यांचे हाल घराघरांत पोहोचवले होते. क्रूरतेविरुद्ध कायदाही होता. पण कायदा घोड्याला मारणाऱ्याला पकडू शकतो. पहाटे उठून घोड्याला खरारा करणाऱ्या, त्याचे खूर साफ ठेवणाऱ्या गाडीवानाचं काय? त्याची दखल कोण घेणार?

१८८५ मध्ये लंडन कार्ट हॉर्स परेड सोसायटी स्थापन झाली. तिचे संस्थापक आणि अध्यक्ष होते वॉल्टर गिल्बी. पहिली परेड १८८६ मध्ये बॅटरसी पार्कमध्ये झाली. १८८८ पासून ती रीजंट्स पार्कमध्ये भरू लागली. दिवस होता व्हिट मंडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा. त्यामुळे कष्टकरी माणसालाही येता यायचं.

नियम साधे होते. परीक्षक घोड्याची तब्येत बघायचे. कातडीवर साजाने घासल्याच्या जखमा आहेत का, पाय धड आहेत का, साज स्वच्छ आहे का. इथे घोड्याची किंमत आणि वंशावळ दुय्यम होती. बक्षीस मिळायचं ते हाकणाऱ्याला.

गाडीवान आदल्या दिवसापासून तयारीला लागायचे. शेपट्या विणायच्या, रिबिनी बांधायच्या, पितळी बिल्ले घासून चकचकीत करायचे. प्राण्यांसाठी काम करणारी आरएसपीसीए ही संस्था चांगल्या गाडीवानांना खास पितळी बिल्ले द्यायची. हे बिल्ले आज संग्राहक शोधत फिरतात.

मालकांचाही यात फायदा होता. ज्या कंपनीचे घोडे परेडमध्ये उठून दिसायचे, तिची फुकटात जाहिरात व्हायची. मग मालकही चांगला चारा, चांगला साज द्यायला लागायचे. गिल्बी व्यापारी होते. नुसत्या उपदेशाने माणूस बदलत नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

सगळंच गोड होतं का?

नाही. शायरच्या मोठ्या प्रदर्शनांना लवकरच फॅशनचं रूप आलं. लॉर्ड आणि बँकर मंडळी उतरली, जिंकलेल्या घोड्यांच्या किमती शेकडो गिनींवर गेल्या. परीक्षकांना पायांवरचे दाट केस आवडायचे, म्हणून तशीच पैदास वाढली. पण चिखलात काम करणाऱ्या घोड्याला ते केस त्रासाचेच, आणि ते साफ करता करता गाडीवानाचा जीव जायचा. ज्या कामासाठी घोडा आहे ते बाजूला पडून दिसण्याला मार्क मिळायला लागले, हा स्पर्धांचा जुना रोग इथेही लागला. म्हणूनच गाडीवानांच्या परेडचं महत्त्व वेगळं आहे, कारण तिथे रोज काम करणारा घोडाच तपासला जायचा.

भारताशी कनेक्शन

१८९३ मध्ये बॅरोनेट झालेल्या गिल्बींनी घोड्यांवर बरीच पुस्तकं लिहिली. १९०१ मधलं एक पुस्तक इंग्लंड आणि भारतातल्या घोड्यांच्या पैदाशीवर आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८ व्या शतकाच्या अखेरीस बिहारमधल्या पुसा इथे सरकारी स्टड उभारला होता. होय, दिल्लीच्या पुसा इन्स्टिट्यूटचं नाव ज्या गावावरून आलं तेच हे पुसा. अशा सरकारी स्टडवर पैसा पाण्यासारखा गेला आणि १८७० च्या दशकात ते बंद झाले. त्यानंतर सरकारी पैदाशीचे घोडे जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवून शेतकऱ्यांच्या घोड्यांना उपलब्ध करायची पद्धत आली. म्हणजे पुन्हा तोच धडा: जात सुधारायची तर छोट्या मालकाला सोबत घ्यावं लागतं.

भीमा खोऱ्यातला भीमथडी घोडा आठवा. मराठा फौजांना साथ देणाऱ्या या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद अगदी अलीकडे झाली. तोवर तो टिकला तो मुख्यतः मेंढपाळांच्या तांड्यांमुळे.

शेवट आणि त्यानंतर

१२ नोव्हेंबर १९१४ रोजी एल्सनहॅममध्ये गिल्बींचं निधन झालं. तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होऊन तीनच महिने झाले होते. या काळात ब्रिटिश सैन्याने शेतांतून, तबेल्यांतून, गाड्यांना जुंपलेले असे लाखभराहून जास्त घोडे उचलून नेले होते. युद्धानंतर ट्रक आले, ट्रॅक्टर आले. रेल्वेने गिल्बींच्या वडिलांचं जे केलं, तेच मोटारीने गाडीवानांचं केलं. शायर तर आज दुर्मीळ जातींमध्ये मोजला जातो.

परेड मात्र बंद पडली नाही. व्हॅन ओढणाऱ्या घोड्यांची एक परेड १९०४ पासून वेगळी चालायची. १९६६ मध्ये दोन्ही एकत्र झाल्या आणि लंडन हार्नेस हॉर्स परेड तयार झाली. आता ती लंडनबाहेर भरते. घोड्यांवर पोट असणारे गाडीवान आता जवळपास उरलेले नाहीत, त्यामुळे त्यात उतरतात ते बहुतेक हौशी मालक. पण पितळ आजही आदल्या रात्रीच घासावं लागतं.