लाख तांदळांची गोष्ट

मैत्रिणींनो, आपल्या खालापूर तालुक्यात देवाची ओढ काही कमी नाही. महडचा वरदविनायक तर आपल्या दारातच. माघी गणेशोत्सवाला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण बचत गटाच्या कामानिमित्त घरोघरी जाते तेव्हा एक तक्रार हमखास कानावर येते. देवळात जाणं होतं, पण घरातल्या देवापुढे पाच मिनिटं शांत बसायला मिळत नाही. कुणाचा नवरा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर, कुणाच्या मुलाला कर्जतची लोकल गाठायची, सासूबाईंची औषधं, त्यात स्वतःची नोकरी नाहीतर शिवणकाम. पोथी अर्धवट राहिली की मनाला टोचणी लागते ती वेगळीच.

अशा वेळी मला आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या एका सुनेची आठवण येते. गागोदे गावच्या रुक्मिणीबाई भावे, म्हणजे आचार्य विनोबा भावे यांच्या आई. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्यातच विनोबांचा जन्म झाला. पुढे भूदानासाठी देशभर पायी फिरलेल्या या माणसाने आपल्या आईबद्दल इतकं काही सांगून ठेवलंय, की ती बाई आपल्याला शेजारच्या घरातली वाटू लागते.

रुक्मिणीबाईंचं माहेर कर्नाटकातलं. कानडी गाणी त्यांना पाठ होती, मराठी अभंग तर होतेच. पती नरहरराव नोकरीनिमित्त वडोद्याला. मुलं लहान होती तोवर त्या गागोद्याला सासरी राहिल्या. सासरे शंभूराव मोठे देवभक्त. घर माणसांचं, कोकणातलं. फणस फोडला की आधी त्यातले गरे मुलांच्या हाती शेजारीपाजारी जायचे आणि मग घरातल्यांनी खायचे, असा त्यांचा नियम होता. पुढे सगळं कुटुंब वडोद्याला गेलं, तरी बाईंची रीत बदलली नाही.

त्यांचा दिवस तुमच्या-माझ्यासारखाच चुलीपासून सुरू व्हायचा. स्वयंपाक करता करता त्या भजनं म्हणत. त्यात इतक्या रंगून जात, की भाजीत मीठ घातलं की नाही याचंही भान राहत नसे. कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. त्या स्वतः सगळ्यांच्या मागून जेवत, त्यामुळे त्यांना कळायचं सर्वांत शेवटी! विन्या तर पानात पडेल ते निमूट खाऊन उठायचा.

पण कामात नामस्मरण झालं म्हणजे झालं, असं त्यांनी मानलं नाही. दुपारी सगळ्यांची जेवणं उरकली की स्वतःचं पान वाढून घेण्याआधी त्या देवापुढे बसत. पूजा करत आणि शेवटी कान धरून देवाकडे आपल्या चुकांची क्षमा मागत. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. लहान विन्याने हे पाहिलं आणि ते त्याच्या मनावर कायमचं उमटलं. पुढे वेद-उपनिषदं कोळून प्यायलेला हा माणूस भक्तीची गोष्ट निघाली की आईच्या त्या आसवांकडे बोट दाखवायचा.

दही विरजतानाही त्या देवाचं नाव घेत. एवढ्याशा कामात देवाला कशाला बोलवायचं, असं मुलाने विचारलं. त्यावर त्यांनी समजावलं, की आपण आपल्या बाजूने सगळं नीट करायचं, पण दही लागणं काही आपल्या हातात नाही, ते त्याच्या कृपेनेच लागतं. किती साधी गोष्ट! मुलांचा निकाल असो की नवऱ्याचं आजारपण, आपली काळजी वाहण्याची पद्धत बदलून टाकणारी.

आणि ही लाख तांदळांची गोष्ट. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. रोज थोडे थोडे तांदूळ घेऊन त्या एकेक दाणा मोजत बसत. नरहरराव शास्त्राच्या वळणाचे, हिशेबी माणूस. त्यांनी सुचवलं, एक तोळा तांदूळ घेऊन त्यात दाणे किती ते एकदा मोजावेत आणि त्या हिशेबाने लाख दाण्यांचं वजन काढावं. कमी पडायला नको म्हणून चिमूटभर जास्त घालावेत. वेळ वाचेल. बाईंना यावर काय उत्तर द्यावं ते सुचेना. संध्याकाळी त्यांनी मुलालाच विचारलं. विनोबांनी सांगितलं, की हे मोजणं गणितासाठी नाही. एकेक दाण्याबरोबर एकदा देवाची आठवण होते, म्हणून एकेकच मोजायचा. आईला ते इतकं पटलं, की तिने ते उत्तर लगेच नरहररावांना जाऊन ऐकवलं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण पोथीची पानं उरकतो, जपाच्या माळा मोजतो आणि आकडा पूर्ण झाला नाही म्हणून खंतावतो. म्हणजे आपणही तोळ्याचाच हिशेब करतो. पाच दाणे मन लावून वाहिले, तर ते पाच खरे. लाखाचा आकडा गाठायची घाई कुणाला, देवाला की आपल्याला?

त्यांची प्रार्थना देवघरात अडकूनही राहिली नाही. शेजारची बाई आजारी पडली की रुक्मिणीबाई त्या घरी जाऊन स्वयंपाक करून येत. आधी आपल्या घरचा आणि मग त्यांचा. यावर मुलाने एकदा टोकलं, की हा स्वार्थच झाला. आई हसली. आधी तिकडे केला तर त्यांना जेवायच्या वेळी गार अन्न मिळेल, हे तिने दाखवून दिलं. दुसऱ्याच्या पानातलं अन्न गरम असावं एवढं ज्या मनाला सुचतं, ते मन देवापुढे शांत होणारच.

मात्र या गोष्टीला एक हुरहुर लावणारी बाजू आहे. रुक्मिणीबाईंचं शिक्षण झालेलं नव्हतं. वाचायला त्या फार उशिरा, मुलाच्या मदतीने शिकल्या. ‘भक्तिमार्गप्रदीप’ अक्षर अक्षर लावून वाचत. गीता समजून घ्यायची त्यांना फार इच्छा होती, पण संस्कृत येत नव्हतं. विनोबांनी मराठी अनुवाद आणून दिला, तोही जड गेला. तेव्हा त्यांनी मुलालाच सुचवलं, की तूच का करत नाहीस सोपी गीता?

१९१६ मध्ये विनोबा घर सोडून गेले. त्याआधी परीक्षांची प्रमाणपत्रं त्यांनी आईच्या चुलीतच जाळली होती. २४ ऑक्टोबर १९१८ रोजी, साथीच्या तापाने रुक्मिणीबाई गेल्या. वय अवघं ४२. आपल्यातल्या कितीतरी जणींचं तेवढंच वय आहे. आईची एक साडी विनोबांनी जपून ठेवली होती, उशाला घेत असत. पुढे खादीचं व्रत घेतल्यावर ती साबरमतीत सोडून दिली.

आईचं मागणं मात्र ते विसरले नाहीत. ७ ऑक्टोबर १९३० ला लिहायला घेतलेली ‘गीताई’ ६ फेब्रुवारी १९३१ ला पूर्ण झाली. सातशे श्लोकांची ती मराठी गीता घराघरांत पोचली, आपल्या कितीतरी आज्यांच्या तोंडी बसली. जिच्यासाठी लिहिली, तिला मात्र ती वाचायला मिळाली नाही. आईला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

म्हणून मला वाटतं, घरातल्या बाईने वेळ काढावा एवढं म्हणून भागत नाही, घरानेही तो द्यायला हवा. तिला वाचायचं असेल तर चष्मा करून द्या. ती डोळे मिटून बसली असेल तर चहा मागू नका. हे घरच्यांना सांगायला लाजू नका मैत्रिणींनो, देवासाठी बसणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या रुक्मिणीबाईंनीसुद्धा दुपारचा तो वेळ राखूनच ठेवला होता.

आणि अगदीच जमलं नाही, तर आज रात्री दूध विरजताना एकदा नाव घ्या. विरजण तर लावायचंच आहे.