डॉ. रखमाबाई

माझ्या मोठ्या मावशीला मी कधी पाहिलं नाही. माझ्या जन्माआधीच ती बाळंतपणात गेली. गावात लेडी डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरला घरात आणायला वडीलधारी मंडळी तयार नव्हती. आईने ही हकिगत आम्हाला एकदाच सांगितली. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मला डॉ. रखमाबाईच आठवल्या.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षीच दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलं होतं. पण त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या, आणि नवऱ्याने नांदायला बोलावल्यावर त्यांनी साफ नकार दिला.

दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात पारडं फिरलं. १८८७ मध्ये हुकूम झाला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. वय अवघं बावीस! वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली, तरी त्या हलल्या नाहीत. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. बँकेत आयुष्य गेल्यामुळे असेल, हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी नाव राहिलंच असतं. पण कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ मध्ये लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. परत आल्यावर सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात आणि पुढे राजकोटला मिळून त्यांनी सुमारे पस्तीस वर्षं सेवा केली. पडद्यातल्या बायकांना पुरुष डॉक्टरसमोर येता येत नसे. अशा कित्येकींना रखमाबाईंमुळेच औषधपाणी मिळालं. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदापद्धतीविरुद्धही लिहिलं. १९५५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या.

मला वाटतं, कोर्टातली रखमाबाई आणि इस्पितळातली रखमाबाई एकच लढाई लढत होती. नाही म्हणायचा हक्क हवा, आणि जवळ दवाखानाही हवा. एक असून दुसरं नसेल तर बाईची सुटका नाही.

आपल्या सोसायटीत आज डॉक्टर आहेत, गाड्या आहेत. पण आपल्याकडे धुणीभांडी, झाडलोट करायला येणाऱ्या बायका जिथे राहतात तिथे काय सोय आहे, हे आपण कधी विचारतो का? मी स्वतःही पंचवीस वर्षांत विचारलं नव्हतं. यापुढे त्यांच्यातली कुणी गरोदर दिसली, तर दवाखान्यात नाव घातलं का, एवढं तरी विचारू या. नसेल घातलं तर एक दिवसाची पगारी सुट्टी देऊन तिला पाठवू या.

मावशीला असं विचारणारं कुणी नव्हतं.