द्रावणाचा भूतकाळ आणि लुई पाश्चर

द्राक्षांच्या हंगामात पंचवटीच्या बाजारात येणाऱ्या घडांची आंबटगोड चव साखर आणि आम्ल यांच्या मेळावर ठरते. या आम्लात टार्टारिक आम्लाचा वाटा मोठा असतो. नाशिकच्या वाइनच्या बाटलीत तळाशी किंवा बुचाला कधी कधी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात. ते याच आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे स्फटिक असून त्यांचा अपाय होत नाही. बाटली थंडीत राहिली की ते तयार होतात. म्हणून अनेक उत्पादक वाइन भरण्याआधीच ती काही दिवस गोठणबिंदूच्या आसपास थंड ठेवतात आणि हे खडे काढून टाकतात. टार्टारिक आम्लाच्या अशाच स्फटिकांनी १८४८ मध्ये पंचविशीतल्या एका फ्रेंच तरुणाला नाव मिळवून दिले. तो तरुण म्हणजे पुढे रेबीजच्या लशीमुळे जगभर पोहोचलेले लुई पाश्चर.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. बालपण आर्बुआ या द्राक्षमळ्यांच्या गावात गेले. लहानपणी त्यांना चित्रकलेची चांगली आवड होती आणि बारकाईने पाहण्याची ही सवय पुढे प्रयोगशाळेत कामी आली. पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत शिकून त्यांनी १८४७ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि तिथेच स्फटिकांचा अभ्यास सुरू केला.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. अल्सेस प्रांतातील टान या गावी केस्टनर यांच्या कारखान्यात द्राक्षांपासून टार्टारिक आम्ल काढले जाई. १८२० च्या सुमारास तिथे एक वेगळेच आम्ल मिळाले. त्याला रेसेमिक आम्ल हे नाव पडले. दोन्ही आम्लांची रासायनिक घडण अगदी सारखी होती. पण टार्टारिक आम्लाच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला की त्याची दिशा वळे, रेसेमिक आम्लात ती मुळीच वळत नसे. मिट्शरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने तर दोन्ही आम्लांच्या सोडियम-अमोनियम क्षारांचे स्फटिकही एकसारखेच असल्याचे जाहीर केले होते.

पाश्चर यांनी ते स्फटिक पुन्हा पाहिले. रेसेमिक आम्लाच्या क्षारात त्यांना दोन तऱ्हा दिसल्या. काही स्फटिकांचा लहान पैलू उजवीकडे होता, काहींचा डावीकडे, जशी उजव्या आणि डाव्या पायाची चप्पल. त्यांनी एकेक स्फटिक हाताने निवडून दोन ढीग केले आणि त्यांची वेगवेगळी द्रावणे केली. एकाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने डावीकडे. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळली की परिणाम शून्य. रेसेमिक आम्ल म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन आम्लांचे समसमान मिश्रण होते.

या शोधावर लगेच विश्वास बसणे कठीण होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ जाँ-बातिस्त बिओ यांनी पाश्चर यांना बोलावून घेतले, रेसेमिक आम्ल आणि बाकीचे साहित्य स्वतःकडचे दिले आणि आपल्या डोळ्यांसमोर द्रावण करायला लावले. ते भांडे बिओ यांच्याच ताब्यात सावकाश आटत राहिले. स्फटिक आल्यावर पाश्चर यांनी ते त्यांच्यासमोर निवडले आणि प्रकाशाची मोजणी बिओ यांनी स्वतः केली. निष्कर्ष तोच आला. त्या दिवसापासून हे वृद्ध शास्त्रज्ञ पाश्चर यांचे पाठीराखे बनले.

या यशात तापमानाचा मोठा हात होता, हे मात्र पुढच्या संशोधकांनी दाखवले. हा क्षार सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खाली स्फटिकरूप झाला, तरच डावे आणि उजवे खडे वेगळे येतात. त्याहून गरम असताना दोन्ही रेणू एकाच खड्यात शेजारी बसतात आणि निवडायला काही उरत नाही. हीच परीक्षा नाशिकच्या मे महिन्यात, चाळिशीच्या आसपासच्या उन्हाळ्यात झाली असती, तर बिओ यांच्यासमोर पाश्चर यांना हात हलवत परतावे लागले असते.

द्रावण दिसायला नितळ असले तरी त्याला भूतकाळ असतो. ते किती तापले, किती वेगाने निवले, आधीचा एखादा कण त्यात उरला का, यावर कोणता स्फटिक जन्माला येणार हे ठरते. स्वयंपाकघरात हे रोज दिसते. भांड्याच्या कडेला साखरेचा कण राहिला तर सगळा पाक साखरतो, कारण तो कण बीजाचे काम करतो. कढवलेले तूप हळूहळू निवले तर रवाळ होते, एकदम गार केले तर गुळगुळीत. पदार्थ एकच असूनही स्फटिकांची रचना वेगवेगळी असू शकते, यालाच बहुरूपता म्हणतात.

१८५३ मध्ये पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाचा एक क्षार काही तास सुमारे १७० अंशांवर तापवून त्यातून रेसेमिक आम्ल तयार करून दाखवले. पुढे त्यांना दिसले की एक बुरशी या मिश्रणातले फक्त उजवे आम्ल खाते आणि डावे शिल्लक ठेवते. सजीवांना डाव्या-उजव्यातला फरक कळतो, हे त्यातून स्पष्ट झाले. तिथून ते किण्वनाकडे, वाइन बिघडवणाऱ्या जंतूंकडे आणि मग रोगजंतूंकडे वळले. या काळात त्यांच्या तीन मुली लहान वयातच दगावल्या, त्यांतल्या दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू अधू झाली, तरी काम थांबले नाही. १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांच्या देखरेखीखाली रेबीजची लस देण्यात आली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले.

त्यांच्या तरुणपणीचा तो धडा औषधनिर्मितीत आजही महत्त्वाचा आहे. १९९८ मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाच्या कॅप्सूलमध्ये अचानक एक नवा, कमी विरघळणारा स्फटिक दिसू लागला. रेणू तोच होता, पण औषध शरीरात पुरेसे उतरेल याची खात्री राहिली नाही आणि त्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. एकदा नव्या स्फटिकाचे बीज कारखान्यात पसरले की जुना प्रकार मिळवणेही अवघड झाले. म्हणूनच औषध कंपन्या आता स्फटिकाचे सगळे प्रकार आधी शोधून काढतात. वेष्टनावर छापलेले साठवणुकीचे तापमान पाळायचे, त्यामागच्या कारणांपैकी हेही एक.